आमची वाटचाल : बॅचमधील प्रत्येक जागेचा हिशेब

सांगलीच्या विश्रामबाग भागात आमची लहानशी सॉफ्टवेअर फर्म आहे. योगवर्ग, पोहण्याचे प्रशिक्षण, गायन-वादनाचे क्लास, फिजिओथेरपीची सामूहिक व्यायामसत्रे आणि ब्युटी पार्लर अशा सेवा देणाऱ्या व्यावसायिकांसाठी नोंदणीची व्यवस्था तयार करणे आणि ती त्यांच्याकडे रोज सुरळीत चालेल याची काळजी घेणे, हे आमचे काम. आमचे ग्राहक सांगली, मिरज आणि कुपवाडबरोबरच तासगाव, विटा आणि जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे जयसिंगपुरातही आहेत. त्यांचे व्यवसाय वेगवेगळे असले तरी प्रश्न सारखाच असतो : ठरलेल्या वेळेत आणि ठरलेल्या जागेत किती माणसांना नीट सेवा देता येईल, आणि एकट्याने येणारा माणूस व दहा-बाराजणांचा गट या दोघांनाही त्या संख्येत कसे सामावून घ्यायचे.

फर्म सुरू करण्यापूर्वी मी दुकानांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची देखभाल करत असे. माझी पत्नी एका योग व व्यायाम केंद्रात नोंदणीचे काम पाहत होती, आणि या व्यवसायाची खरी समज आम्हाला मिळाली ती तिच्याकडून. तेथे जाड वहीत बॅचनिहाय पाने आखलेली असत आणि प्रत्येक ओळीवर एक नाव लिहिले जाई. एखाद्या महिला मंडळाने आठजणींची नोंदणी केली की वहीत मात्र ‘काकू आणि मंडळी’ अशी एकच ओळ भरायची. पान पाहणाऱ्याला सात जागा जास्तीच्या मोकळ्या दिसत, आणि शिक्षिकेने व्हॉट्सअ‍ॅपवर परस्पर होकार दिलेले दोघे-तिघे त्या पानावर आलेलेच नसत. पहाटेच्या बॅचला सगळे एकदम हजर झाले की मागच्या रांगेतल्यांना हात पसरायलाही जागा उरत नसे. यात कुचंबणा व्हायची ती वर्षानुवर्षे नियमाने येणाऱ्या जुन्या साधकांची. ती माणसे भांडत नाहीत. हळूहळू येणे बंद करतात. म्हणून आमची फर्म पहिल्यापासून एका विचारावर उभी आहे : बॅचची क्षमता हा आधी जागा घेतलेल्यांना दिलेला शब्द आहे, आणि नवी नोंदणी कितीही मोठी असली तरी तो शब्द मोडून ती घेऊ नये.

नव्या ग्राहकाकडे गेल्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो, गर्दी वाढली की तुमच्याकडे सर्वांत आधी काय कमी पडते, हा. उत्तरे फार निरनिराळी मिळतात. योगवर्गाच्या हॉलमध्ये तीस चटया सहज अंथरता येतात, पण कंबरदुखी आणि रक्तदाब असलेल्या साधकांच्या बॅचमध्ये एका शिक्षिकेला बाराजणांकडेच नीट लक्ष देता येते, तेव्हा त्या बॅचची क्षमता बारा. तीच शिक्षिका त्याच हॉलमध्ये निरोगी तरुणांची बॅच घेते तेव्हा हाच आकडा पंचवीसपर्यंत जातो. उन्हाळी पोहण्याच्या वर्गात तलावाच्या लांबी-रुंदीपेक्षा, उथळ भागात एका प्रशिक्षकाला किती नवशिक्या मुलांवर नजर ठेवता येते हे महत्त्वाचे ठरते, आणि मुलींच्या बॅचला कित्येकदा कपडे बदलण्याच्या खोल्या कमी पडतात. मिरज हे सतार-तंबोऱ्यांचे गाव. तेथील या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील सतारीच्या क्लासची क्षमता क्लासकडे असलेल्या वाद्यांवर ठरते, परंतु स्वतःची सतार घेऊन येणारा विद्यार्थी क्लासचे वाद्य अडवत नाही, फक्त बैठकीची जागा आणि गुरुजींचा वेळ घेतो. म्हणूनच आमच्या व्यवस्थेत खोली, साहित्य आणि शिकवणारी व्यक्ती यांचे आकडे स्वतंत्रपणे नोंदवले जातात, प्रत्येक नोंदणीतून त्या त्या आकड्यात जेवढी घट व्हायला हवी तेवढीच होते, आणि त्यांपैकी जो आकडा आधी शून्यावर येईल तेथे बॅच भरली असे मानले जाते. हे आकडे मांडायला ग्राहकाबरोबर बसणे हा आमच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे, कारण स्वतःच्या व्यवसायाची मर्यादा अशी समोर मांडून अनेकांनी तोवर कधी पाहिलेली नसते.

पार्लरच्या लग्नसराईतील नोंदण्यांनी आमची आणखी कसोटी पाहिली. नवरीकडून फोन येतो आणि सातजणी आहेत असे सांगितले जाते : नवरी, तिची आई, करवली, दोन मावश्या, आत्या आणि वहिनी. या सातजणींचा वेळ सारखा नसतो. नवरीचा मेकअप, केशरचना आणि साडी नेसवणे यांना मिळून दोन-तीन तास लागतात. मावश्यांना साडी नेसवून आणि अंबाडा घालून हवा असतो. लहान करवलीचे काम अर्ध्या तासात आटोपते. नवरीचा मेकअप करणारी कुशल ताई पार्लरमध्ये बहुधा एकच असते, बाकीची कामे मदतनीस मुली करू शकतात. त्यातच मुहूर्त कुणासाठी थांबत नाही, आणि नवरीला मुहूर्ताच्या आधी गौरीहर पूजनाला बसायचे असते, म्हणजे तिची तयारी त्याही आधी पूर्ण झालेली हवी. त्यामुळे हा हिशेब शेवटच्या वेळेपासून मागे मांडावा लागतो. नवरीला तयार होऊन खुर्चीवरून किती वाजता उठायचे आहे ते आधी ठरते, त्यावरून ताईंचा वेळ बांधला जातो, आणि मग उरलेल्या खुर्च्या व हात यांवर बाकीच्यांची कामे बसवली जातात. त्याच तिथीला गावात दुसरेही लग्न असणार हे गृहीतच धरावे लागते, कारण चांगल्या मुहूर्तांवर सगळ्यांचीच झुंबड असते. आमच्या व्यवस्थेत पार्लरच्या गट नोंदणीत म्हणून प्रत्येकीसमोर तिची सेवा, लागणारी मिनिटे आणि ते काम कोण करणार हे लिहिल्याशिवाय नोंदणी पक्की होत नाही. काही पार्लरचालक भगिनींना सुरुवातीला ही विचारपूस जाचक वाटली. त्यांच्या ग्राहकांना मात्र ती आवडली, कारण घरात कोण किती वाजता निघणार याचा गोंधळ त्यामुळे आधीच मिटतो.

गटाच्या नोंदणीत फोन करणारी व्यक्ती एक असते आणि येणारी माणसे बहुतेक वेळा अजून ठरायचीच असतात. आंतरराष्ट्रीय योग दिन २१ जूनला असतो; त्याच्या आधी कचेऱ्या, बँका आणि शाळा योगवर्गांकडे चौकशी करतात आणि ‘पंधरा-वीसजण असू’ असे सांगतात. एवढ्या अंदाजावर वीस जागा अडवून ठेवल्या तर महिन्याची फी भरायला आलेला माणूस परत जातो, आणि अंदाज अजिबात धरला नाही तर गट दुसरीकडे जातो. आम्ही यासाठी जी रीत घालून दिली आहे तिच्यात गटाच्या नावे जागा ठरावीक मुदतीपर्यंत राखल्या जातात आणि विसार माणशी घेतला जातो, गटामागे ठोक घेतला जात नाही. माणशी पैसे भरायचे म्हटले की वीसचा आकडा सांगणारे चौदांचे भरतात, आणि तो चौदाचा आकडा बहुधा खरा निघतो. मुदतीच्या आत संख्या कमी केली तर त्या जागांचा विसार परत मिळतो. मुदत उलटल्यावर ज्या जागांसमोर नावे आलेली नाहीत त्या आपोआप मोकळ्या होतात. मुदत किती असावी हे आम्ही व्यावसायिकावर सोडतो, फक्त ती नोंदणीच्या वेळीच लेखी कळवली पाहिजे याबाबत आग्रही असतो.

बाराजणांना जागा हवी आहे आणि नऊच शिल्लक आहेत, हा प्रसंग नेहमीचा. अशा वेळी नऊ इकडे आणि तीन पुढच्या बॅचमध्ये अशी वाटणी यंत्राने परस्पर करू नये, असे माझे ठाम मत आहे. महिला मंडळाला एकत्र यायचे असते, त्यातच त्यांचा आनंद असतो, आणि त्या दुसऱ्या दिवशीची बॅच सहज स्वीकारतात. कचेरीच्या गटाला पुष्कळदा विभागून चालते. यासाठी व्यवस्था दोन्ही पर्याय दाखवते आणि निर्णय गटाच्या प्रमुखाकडे ठेवते.

प्रतीक्षायादीचा प्रश्न याहून नाजूक आहे. रेल्वेच्या आरक्षणामुळे वेटिंग लिस्ट ही गोष्ट आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही, पण बॅचच्या यादीत एकेकटी माणसे आणि गट मिसळलेले असतात. चार जागा रिकाम्या झाल्या, यादीत पहिला गट सहाजणांचा आहे आणि त्याच्यामागे तिघे एकेकटे आहेत, तर जागा कुणाला द्यायच्या? सहाजणांसाठी चारही जागा रिकाम्या ठेवणे मागच्यांवर अन्याय, आणि गटाला न विचारता पुढे जाणे गटावर अन्याय. आमच्याकडे आधी गटाला विचारले जाते की तुमच्यापैकी चौघे येतील का. ठरलेल्या वेळेत होकार आला नाही तर जागा मागच्यांना मिळतात आणि गटाचा पहिला क्रमांक तसाच राहतो. हा नियम प्रत्येक ग्राहकाने आपल्या सूचनाफलकावर लावावा असे आम्ही सांगतो, कारण माहीत असलेल्या नियमाचा राग लोक सहसा धरत नाहीत.

काही ग्राहक विचारतात की दर बॅचला दोघे-तिघे गैरहजर असतातच, मग क्षमतेपेक्षा दोन नोंदण्या जास्त घेतल्या तर काय बिघडले. विमान कंपन्या असे करतात हे खरे आहे, पण ज्याला चढता आले नाही त्याला नियमानुसार भरपाई देण्याची तरतूदही तेथे आहे. शिवाय हा हिशेब माणसे एकमेकांपासून स्वतंत्रपणे गैरहजर राहतात या गृहीतकावर टिकतो. वीसजण वेगवेगळे आलेले असतील तर कुणी आजारी, कुणी गावाला, अशी गैरहजेरी विखुरलेली आणि रोज जवळपास सारखी राहते. गटाचे तसे नसते : मंडळातल्या कुणाकडे कार्य निघाले की दहाच्या दहा येत नाहीत, आणि एरवी दहाच्या दहा हजर असतात. ज्या बॅचमध्ये गट आहे तेथे सरासरी गैरहजेरीचा आधार घेऊन एकही जागा जास्त विकू नये. त्यापेक्षा नियमित साधकाने आदल्या रात्रीपर्यंत न येण्याचे कळवले तर त्या दिवसापुरती त्याची जागा चाचणीसाठी येणाऱ्याला द्यावी आणि साधकाचा तास दुसऱ्या बॅचमध्ये भरून द्यावा, हे आम्ही सुचवतो.

तांत्रिक बाजूबद्दल थोडेच सांगतो. शेवटची जागा दोन मोबाइलवरून एकाच क्षणी मागितली गेली तर शिल्लक पाहणे आणि ती कमी करणे या दोन क्रिया अखंड एक म्हणूनच व्हाव्या लागतात. पहिल्याचे काम पुरे होईपर्यंत दुसऱ्याला क्षणभर थांबवले जाते आणि मग त्याला शून्य शिल्लक दिसते. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून आगाऊ रक्कम घेणे सोपे झाले, पण पैसे खात्यातून गेले आणि बँकेचा निरोप उशिरा आला असे कधी कधी घडते. म्हणून पैसे भरताना जागा दहा मिनिटे धरून ठेवली जाते. निरोप त्यानंतर आला आणि जागा तोवर दुसऱ्याला गेली असेल तर पूर्ण रक्कम परत जाते, जास्तीची चटई अंथरली जात नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नदीकाठच्या भागातले आमच्या ग्राहकांचे वर्ग बंद पडले आणि बुडालेल्या तासांचे काय करायचे हा प्रश्न पाणी ओसरल्यावर उभा राहिला. सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात तास भरून मागितले असते तर चालू बॅच कोलमडल्या असत्या. आम्ही प्रत्येक बॅचच्या रिकाम्या जागा मोजून बुडालेले तास पुढच्या काही महिन्यांवर पसरून दिले, आणि ज्यांची घरे पाण्यात गेली होती त्यांना मुदतच ठेवली नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा ही सोय तयार होती.

त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने करोनाच्या निर्बंधांसाठी पाच स्तर ठरवले. तिसऱ्या स्तरात व्यायामशाळा आणि पार्लर यांना पन्नास टक्के क्षमतेने, आधी वेळ ठरवून आलेल्यांसाठी आणि वातानुकूलन बंद ठेवून दुपारी चारपर्यंत परवानगी होती. पन्नास टक्के कशाचे, हा प्रश्न तेव्हा गावोगाव विचारला जात होता. खोलीचा आकडा वेगळा नोंदवलेला असल्यामुळे आमच्या ग्राहकांना फक्त तोच निम्मा करावा लागला आणि चारच्या आत बसतील तेवढ्याच वेळा उघडाव्या लागल्या.

गटातील प्रत्येकाचा फोन क्रमांक आम्ही मागत नाही, प्रमुखाचा पुरतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे, त्यामुळे शाळांच्या पोहण्याच्या गटांसाठी पालकांचा वेगळा अर्ज आम्ही तयार केला आहे.

सध्या आम्ही एकाच हॉलमध्ये दोन व्यवसाय चालतात त्यांच्यासाठी काम करत आहोत. सकाळी योग आणि सायंकाळी भरतनाट्यम असलेला हॉल दोन वेगळ्या ताई चालवतात, आणि सुट्टीच्या दिवशी दोघींकडेही गटांची मागणी येते. हॉलचा आकडा दोघींमध्ये सामाईक ठेवायचा, पण एकीच्या साधकांची नावे दुसरीला दिसू द्यायची नाहीत, अशी ही रचना आहे. दोघींनीही ती वापरून पाहण्याची तयारी दाखवली असून उन्हाळी शिबिरांच्या नोंदण्या सुरू होण्यापूर्वी ती त्यांच्याकडे चालू करायची आहे.