छातीत घरघर: हो की नाही?

थोरल्याला सहावं लागलं होतं तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात नंबर यायच्या आधी एक छापील फॉर्म हातात ठेवला गेला. त्यातला एक प्रश्न: गेल्या बारा महिन्यांत मुलाच्या छातीत घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज आला होता का? मी झटकन 'नाही'वर खूण केली. शेजारून नवरा म्हणाला, "अगं, नाही काय? तीन-चारदा तरी आलाय. रात्री त्याला उठवून बसवतं कोण?" खरंच होतं ते. रात्रपाळी त्याची, मी धाकटीला घेऊन दुसऱ्या खोलीत. मी खोडून 'हो' केलं. मग डॉक्टर "बाळदमा" म्हणाले आणि क्षणभर वाटलं, 'नाही'च राहू दिलं असतं तर! त्याआधी दोन वर्षं मी सगळ्यांना "त्याची सर्दी छातीत उतरते" असंच सांगत होते.

पुढे या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेले, तेव्हा कळलं की मुलांमधल्या दम्याचे आणि ॲलर्जीचे जगभरचे आकडे अशाच खुणांवर उभे आहेत. १९९१ मध्ये 'आयझॅक' नावाचा अभ्यास सुरू झाला. १९९८ मध्ये पहिल्या फेरीचे निष्कर्ष आले: ५६ देश, १५५ केंद्रं, १३-१४ वर्षांची साडेचार लाखांहून जास्त मुलं. घरघर, सततच्या शिंका आणि वाहतं नाक, खाजरं पुरळ, असे साधे प्रश्न. सहा-सात वर्षांच्या मुलांचे फॉर्म आईबाप भरायचे, मोठी मुलं स्वतः. 'घरघर' प्रत्येक भाषेत वेगळी, म्हणून बऱ्याच ठिकाणी मोठ्या मुलांना धाप लागलेल्या माणसांचा व्हिडिओ दाखवून विचारलं, तुला असं कधी झालंय का? (माझ्यासारख्या आयांनाही तो दाखवायला हवा होता.)

केंद्राकेंद्रांमधला फरक निघाला २० ते ६० पट. दम्याच्या लक्षणांत ब्रिटन, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड वर. इंडोनेशिया, ग्रीस, चीन, भारत बरेच खाली. एवढी तफावत काही नुसत्या रक्तातून येत नाही. मग हवेतून? जर्मनी एक झाल्यावर एरिका फॉन म्युटियस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली. पूर्वेची हवा कोळशाच्या धुरानं भरलेली, त्यामुळे ॲलर्जी तिकडे जास्त असेल असा अंदाज. निघालं उलटं. ॲलर्जीची सर्दी पश्चिमेकडच्या मुलांत जास्त होती. म्हणून धूर निर्दोष ठरत नाही. घरातली सिगारेट आणि रस्त्यावरचा धूर मुलांचा दमा वाढवतातच. पण 'प्रदूषण' या एका शब्दात सगळं बसवणाऱ्या मंडळींची पंचाईत झाली खरी.

मला सगळ्यात भावला तो डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांचा १९८९ चा लेख. १९५८ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेली १७ हजारांवर मुलं त्यांनी पाहिली. घरात मोठी भावंडं जितकी जास्त, तितकी ॲलर्जीची सर्दी कमी. मोठ्यांकडून जंतुसंसर्ग मिळत असतील आणि त्यातून शरीर शिकत असेल, असा त्यांचा कयास. आमच्याकडे हे तंतोतंत जुळतं: थोरला शिंकतो, खाजवतो, धापतो, धाकटी ठणठणीत. दोन मुलांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे कळतं मला. तरी धाकटीनं त्याचा उष्टा चमचा तोंडात घातला की मी आता ओरडत नाही.

थोरल्याच्या कोपराच्या खळग्यात तिसऱ्या महिन्यापासूनच लाल, कोरडी खाज होती. तेव्हा माझी चौकशीच झाली: दिवस असताना काय खाल्लंस, दूध कधी तोडलंस, अंगाला काय लावतेस. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचं जनुक सदोष असलं की कातडीची भिंतच कच्ची राहते आणि इसब होण्याची शक्यता वाढते, हे शास्त्रज्ञांना २००६ मध्ये कळलं. आमच्या पोरात तो दोष आहे की नाही, कोणी तपासलेलं नाही. पण रोज मलम चोपडलं असतंस तर झालंच नसतं, हा टोमणा मात्र मी आता मनाला लावून घेत नाही. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत तान्ह्या बाळांना वर्षभर रोज मलम लावूनही इसब टळलं नाही.

शेंगदाण्याचं तर डॉक्टरांचंही चुकलं होतं. २००० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत तो देऊ नका. २०१५ मध्ये 'लीप' चाचणी आली. जोरात इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं. ज्यांनी टाळला त्यांच्यात पाचव्या वर्षी १७ टक्क्यांना ॲलर्जी, ज्यांनी नियमित खाल्ला त्यांच्यात ३ टक्क्यांना. अर्थात बाळाला इसब जोरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच. मी तर भीतीपोटी तो दोन वर्षं लांबच ठेवला होता. आमचं नशीब, काही झालं नाही.

थोरला आता तेरा वर्षांचा आहे. परवा तपासणीला गेलो तर तसाच फॉर्म. मी पेन काढलं, तर त्यानं तो कागद ओढून घेतला. 'रात्री घरघर' - नाही. नवऱ्यानं मान डोलावली. पुढचा प्रश्न, 'पळताना किंवा खेळल्यानंतर?' त्यानं 'हो'वर खूण केली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"कधीपासून रे?"

"पाचवीपासून. तुम्ही कधी विचारलंच नाही."