केस उघडण्याआधीचा अर्धा तास

रविवार, रात्री उशिरा. नेपरविल, इलिनॉय.

बाहेर उणे सतरा सेल्सिअस. गाडीच्या डिकीतून गिटार काढली, दंतवैद्यांच्या बेसमेंटमध्ये उतरवली आणि रिवाजाप्रमाणे तिची केस, म्हणजे खोकं, न उघडता भिंतीशी उभी केली. गारठलेली गिटार एकदम उबेत उघडली तर लाकूड एका चालीने फुगतं, वरचं लॅकर दुसऱ्या, आणि पॉलिशवर बारीक चिरांची जाळी उठते. म्हणून अर्धा तास थांबायचं. आमच्या टोळक्याचा मुख्य कार्यक्रम हा अर्धा तासच. त्यानंतर जे वाजवतो ते आभारप्रदर्शन.

मंडळी कोण, तर यजमान निवृत्त दंतवैद्य, एक वकीलबाई, एक पोस्टमन, दोन शाळामास्तर, एक विमा कंपनीतला आणि मी, आयटीतला मिरजकर. महागड्या गिटारी दंतवैद्य आणि वकीलच घेतात, अशी अमेरिकेत ब्लूज, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं गाणं, हौसेने वाजवणाऱ्यांची ठरलेली टिंगल आहे. आमच्याकडे दोघेही आहेत. दुसरं कुणी बोलायच्या आत तो विनोद तेच करून मोकळे होतात. सगळ्यांच्या हातात गिटार. बेस वाजवणारा आणि ड्रमवाला बाहेरून येतात. बेसवाला शहरभर मागणीत असतो, म्हणून त्याला कॉफी पहिली, खुर्ची पहिली, आणि त्याची चूक कुणी काढत नाही.

आज विषय पोस्टमनने आणला. हिरवी पेटी, ट्यूब स्क्रीमर. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ही निघाली. गिटार आणि अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर, यांच्या मधे लावायची, पायाने दाबली की सूर जाड होतो, किंचित फाटतो. आत 4558 नावाची चिप असते. मुळात अगदी किरकोळ किमतीचा, साध्यासुध्या ऑडिओ सर्किटमध्ये सापडणारा माल. पण सुरुवातीच्या पेट्यांमध्ये ती जेआरसी कंपनीची होती, म्हणून लोक जुनी चिप हुडकत फिरतात. पोस्टमनने हुडकली, आपल्या पेटीतली काढून ती डाकली, आणि आज तोंडावर असं तेज की घरात नातू झाला असावा.

मग परीक्षा. दंतवैद्यांची गिटार घरातच असते, ती उबदार होती. मास्तर पाठमोरे बसून तीच ओळ वाजवणार, कधी जुन्या चिपच्या पेटीतून, कधी साध्या. बाकीच्यांनी डोळे मिटून ओळखायचं. वकीलबाईंनी कोर्टात द्यावं तसं ठाम उत्तर दिलं आणि ते चुकलं. विमावाल्याने दोन्ही वेळा ‘हीच’ म्हटलं. पोस्टमन स्वतः चुकला! बराच वेळ शांतता. मग सर्वानुमते ठरलं की केबल खराब आहे.

यात कुणी खोटं बोलत नाही, हे मला फार आवडतं. ज्याला फरक ऐकू येतो त्याला तो खरंच येतो. फक्त डोळे उघडे असताना.

पेट्यांवरून गाडी क्लॉनवर गेलीच. बिल फिनेगन नावाच्या माणसाने मॅसॅच्युसेट्समध्ये 1994 पासून क्लॉन सेंटॉर नावाचा पेडल, म्हणजे अशीच पायाने दाबायची पेटी, हाताने बनवून विकला. आतलं सर्किट कुणी नकलू नये म्हणून वर काळा इपॉक्सी ओतलेला. आज जुना नग हजारो डॉलरला जातो. पुढे त्याने सुटसुटीत आवृत्ती काढली आणि तिच्या पत्र्यावरच छापलं की ज्या हास्यास्पद गाजावाजाने इतके लोक वैतागतात तो मी केलेला नाही, कृपया ध्यानात असू द्या. आपल्याच मालावर असं छापणारा कारागीर मला दुसरा माहीत नाही. दंतवैद्यांकडे तो पेडल आहे. पायाखाली घ्यायला मन धजत नाही म्हणून कपाटात आहे.

आणि हे सगळं आम्ही शिकागोपासून तासाभरावर बसून करतो. ब्लूजचा गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीहून या शहरात आला आणि दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून विजेवरची घेतली. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात वाजवणारे शेजारच्या घरादुकानांतून वायर ओढून अ‍ॅम्प लावायचे. गिटारी कुठल्या, तर हार्मनी, के, व्हॅल्को हे कारखाने याच शहरातले, आणि सिअर्स या दुकानाच्या कॅटलॉगमधून सिल्व्हरटोन नावाने पोस्टाने घरपोच. इथलाच ब्लूजवाला हाउंड डॉग टेलर तर स्वस्तातली जपानी गिटार वाजवायचा. त्याची पहिली एलपी 1971 ची, आणि ती काढण्यासाठीच अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स ही कंपनी निघाली. छोटा अ‍ॅम्प, त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त पिळलेला, म्हणून आवाज फाटायचा. इलाज नव्हता म्हणून फाटायचा. तोच फाटका आवाज मिळावा म्हणून आज पोस्टमन पगारातले पैसे बाजूला टाकतो.

वकीलबाईंकडे व्हॅल्कोचा जुना सुप्रो अ‍ॅम्प आहे, प्रवासी बॅगेएवढा. कारखान्यातून निघाला तेव्हा कुणा पोराला वाढदिवसाला मिळाला असेल. आता बाई कुणाला त्याच्या बटणाला हात लावू देत नाहीत.

हे सगळं हास्यास्पद आहे का? आहे. पण मी मिरजेचा आहे, मला हसायची चोरी. सतारमेकर गल्लीत लहानपणी कानस घेऊन बसलेले कारागीर बघितलेत. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून ही कारागिरी निघाली असं तिथे सांगतात. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा इतका हलक्या हाताने घासायचा की तार त्यावर टेकतेय की तरंगतेय ते कळू नये. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आला की तंबोरा बोलायला लागतो, जवारी उघडते. गवई समोर बसून ‘अजून जरा’, ‘नाही, गेली’ म्हणत तास घालवणार, आणि त्या तासाला कुणी नाद म्हणून हिणवलेलं मी ऐकलं नाही. तो रियाजातच धरला जायचा. फरक एवढाच की तिथे दोऱ्याला पैसे पडत नाहीत.

तारांवरून आज जुनं भांडण पुन्हा निघालं. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन पहिली तार तेराची लावायचा, म्हणजे इंचाचे तेरा हजारांश, आणि गिटार अर्धा स्वर खाली लावायचा. त्यामुळे निम्मे हौशी बोटं सोलून घेतात. उलट ब्लूजचा बडा गिटारवादक बी. बी. किंग दहाच्या तारांवर सुखात होता. झी झी टॉप बँडचा गिटारवादक बिली गिबन्स सांगतो की तरुणपणी त्याच्या गिटारवरच्या जाड तारा पाहून किंगने विचारलं, एवढे कष्ट कशाला? तेव्हापासून तो पातळ करत करत सातवर आला. मास्तर तेरावाले, मी दहावाला. दंतवैद्य अकराचे आहेत, कारण त्यांना कुणालाच दुखवायचं नसतं.

अ‍ॅम्पच्या वॅटवर जास्त लिहीत नाही, घरात तो विषय नाजूक आहे. माझा पंधरा वॅटचा. व्हॉल्व्हचा असल्याने पिळल्याशिवाय गोड लागत नाही, आणि पिळला की शेजारचं कुत्रं भुंकतं. बायकोला वाटतं तिसाचा विकून पंधराचा आणला म्हणजे आवाज निम्मा झाला. झाला नाही. निम्मे वॅट म्हणजे जेमतेम तीन डेसिबलचा फरक. कानाला निम्मं वाटायचं तर वॅट दहा पटींनी उतरवावे लागतात. हे तिला समजावून सांगितलं तर ती दीड वॅटचा आणायला लावील, म्हणून गप्प आहे.

शेवटी एकदाच्या केस उघडल्या. माझ्या गिटारीत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज ठेवलेला असतो. हीटरच्या कोरड्या हवेने मान आखडते आणि फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बाहेर येऊन तळव्याला बोचतात. ई या सुरात शफल, म्हणजे ब्लूजची झुलती लय, लावला. बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा घाट, पुन्हापुन्हा तोच. प्रत्येकाला दोन फेऱ्या सोलो, आणि प्रत्येक जण तिसरीही घेतो. संपवायचं कसं हे आधी कधीच ठरत नाही. दंतवैद्य पाय वर करतात, तो इशारा, पण त्या क्षणी सगळे आपापल्या बोटांकडे बघत असतात, म्हणून अजून एक फेरी होते.

मधे आईचा व्हिडिओ कॉल आला होता, तिकडे सोमवारची पहाट. फोन स्टँडला टेकवून दोन ओळी ऐकवल्या. म्हणाली, ‘अरे, हा तर धानी.’ बरोबरच आहे. सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद. ब्लूजवाल्यांची पाच स्वरांची मायनर पेंटाटॉनिक तीच. मग म्हणाली, ‘पण तुझा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. तारा नीट लावल्यास का?’ तार ओढून त्या दोघांच्या मधे उभं राहायचं यातच तर सगळी मजा. पण आईशी वाद नको म्हणून ‘लावतो’ म्हटलं. विमावाल्याने विचारलं, काय म्हणाल्या? सांगितलं, त्यांना आवाज आवडला.

आवराआवरीत बेसवाला एक केबल गुंडाळून सगळ्यांच्या आधी निघाला. आमच्या पेट्या, अडॅप्टर, पट्टे, सुट्या वायरी गोळा होईतो तो घरी पोचून जेवला असेल.

उद्या तारा बदलायच्या आहेत. या वेळी नऊच्या लावून बघू का, असं पोस्टमनला सहज विचारलं होतं. उत्तर आलंय. बरंच लांब आहे, फोटोही जोडलेत. ऑफिसात वाचतो.