पंधरा तासांची बालवाडी आणि मंगळवारचं ट्रेनिंग: माझा अनुभव

जूनमध्ये फिनलंडला वेन्ला नावाच्या बायकांच्या ओरिएंटीअरिंग रिलेत आमच्या क्लबच्या तिसऱ्या टीमकडून पळले, तेव्हापासून इथल्या, म्हणजे स्वीडनमधल्या, आणि साताऱ्याच्या मैत्रिणी विचारतायत की दोन लहान मुलं, नोकरी आणि वर हे जंगलातलं ट्रेनिंग, जमवलंस कसं. खरं सांगायचं तर लिहायला बसले की पळण्याच्या आधी तो बालवाडीचा फॉर्मच डोळ्यासमोर येतो. अजून राग गेलेला नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल जास्त लिहिलं जाणार हे आत्ताच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओरिएंटीअरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात पळायचं, नकाशावर गोल केलेल्या जागा (त्यांना कंट्रोल म्हणतात) क्रमाने शोधायच्या, तिथे नारिंगी-पांढरा कापडी झेंडा असतो, त्याच्यापाशी बोटातली चिप लावायची आणि पुढे. स्वीडनमध्ये हा घरोघरचा खेळ आहे, आजीपासून नातवापर्यंत सगळे पळतात. आम्ही स्टॉकहोमच्या उत्तरेला, लोकलने पाऊण तासावर राहतो. मी मूळची साताऱ्याची, यवतेश्वरचा घाट पळत मोठी झाले, त्यामुळे दमाचं मला कधी टेन्शन नव्हतं. पण साताऱ्यात कुठूनही मान वर केली की अजिंक्यतारा दिसतो आणि आपण कुठे आहोत ते कळतं. इथल्या जंगलात वर बघून काहीच कळत नाही, सगळीकडे पाईन आणि दगड, सगळं खाली हातातल्या नकाशात, पाच-पाच मीटरची उंची दाखवणाऱ्या त्या तपकिरी रेघांत. ते शिकायला मला दोन वर्षं लागली.

धाकटा झाल्यावर पळणं बंद होतं. फिजिओने बारा आठवडे थांबायला सांगितलं होतं, मी सोळा थांबले, आधी ओटीपोटाचे व्यायाम मग चालणं मग पळणं, ह्यात घाई करू नका एवढंच म्हणेन. नंतर बाबागाडी ढकलत दिव्यांच्या ट्रॅकवर पळायला लागले (इथे बहुतेक गावात जंगलातून दिवे लावलेला ट्रॅक असतो, डिसेंबरात दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो त्यामुळे तो नसता तर घरातच बसावं लागलं असतं). हिवाळा तसा बरा गेला. नवरा रविवारी क्रिकेटच्या इनडोअर नेट्सना जायचा, मी मंगळवारी संध्याकाळी क्लबच्या ट्रेनिंगला, फ्रिजवर कागद लावला होता आणि त्यावर लिहिलेलं कुणी खोडायचं नाही हे ठरलेलं. क्लबने जानेवारीत विचारलं, वेन्लाच्या तिसऱ्या टीममध्ये एक जागा आहे, येतेस का. मी हो म्हटलं.

आता तो फॉर्म.

इथे नियम असा आहे की आई किंवा बाप धाकट्यासाठी पॅरेंटल लीव्हवर घरी असेल तर मोठ्या मुलाला बालवाडीत आठवड्याला पंधरा तास मिळतात. ते मला मान्य आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आमची मोठी चार वर्षांची, ती मंगळ-बुध-गुरू नऊ ते दोन जायची. मी १ एप्रिलपासून कामावर परत जाणार होते, धाकट्याला त्याच बालवाडीत जागा मिळाली होती, मार्चमध्ये त्याची सवय लावण्याचे दोन आठवडेही नीट पार पडले. राहिलं होतं फक्त मोठीचे तास वाढवायचं. मी मार्चच्या मध्यावर ऑनलाईन अर्ज भरला, माझी सही केली, खाली लिहून आलं की दुसऱ्या पालकाच्या सहीची वाट बघतोय. नवरा म्हणाला रात्री करतो. त्या रात्री पुण्याहून फोन आला, सासऱ्यांना ॲडमिट केलंय, बायपास करायची आहे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाने तो गेला. अशा वेळी कुणाला फॉर्म आठवणार.

आठवडाभराने ऑपरेशन झालं, सासरे आयसीयूतून बाहेर आले, तेव्हा त्याने फोनवरून सही करायला घेतली तर त्याच्या बँकआयडीची मुदत संपलेली. स्वीडनमध्ये बँकआयडी म्हणजे तुमची सही, तुमचं ओळखपत्र, सगळं तेच. नवा काढायला बँकेचं जे छोटं यंत्र लागतं ते इथे आमच्या घरी ड्रॉवरमध्ये. मी बँकेला फोन करून विचारलं, त्यांनी स्पष्ट सांगितलं की त्या यंत्राचे आकडे फक्त त्याने स्वतः वापरायचे, बायकोनेसुद्धा वाचून दाखवायचे नाहीत. बँकेचं बरोबरच आहे, त्यांना मी काही बोलणार नाही.

मग नगरपालिकेचं ते ऑफिस. फोन सकाळी नऊ ते अकराच चालू. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं होल्डवर, मग बाई म्हणाल्या कागदी फॉर्म आहे, त्यावर दोघांच्या सह्या करून पाठवा. मी फॉर्म त्याला मेल केला, त्याने पुण्यात प्रिंट काढून सही केली, स्कॅन पाठवला, मी माझी सही करून दिला. पाच दिवसांनी उत्तर, स्कॅन केलेली सही चालत नाही, मूळ कागद पाहिजे. पहिल्याच फोनवर हे सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? ते पाच दिवस मला अजून टोचतात. मग पुण्याहून स्पीड पोस्ट. बारा दिवस लागले, मी रोज ट्रॅकिंग बघायचे, मुंबईत तीन दिवस पडून, मग एकदम स्टॉकहोम. कागद आला त्या दिवशी लंचमध्ये ऑफिसातून निघून स्वतः नेऊन दिला. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आता दोन आठवडे प्रक्रियेला लागतील.

मधल्या काळात काय चाललं होतं ते ऐका. धाकट्याचे तास पूर्ण मंजूर, तो साडेचारपर्यंत बालवाडीत. मोठी त्याच इमारतीत, शेजारच्या खोलीत, तिला दोन वाजता न्यायचं कारण तिचे तास संपले. सोमवारी आणि शुक्रवारी तिला जागाच नाही. म्हणजे मी दीड वाजता ऑफिस सोडायचं, तिला घ्यायचं, घरी आणायचं, आणि साडेचारला तिला घेऊन परत त्याच दारात धाकट्याला घ्यायला जायचं. ती विचारायची, आई बाळ राहतं तर मी का नाही? शिक्षिकांनाही वाईट वाटत होतं, पण सिस्टिममध्ये तास नाहीत म्हणून त्यांचा नाइलाज. मूल आजारी असेल तर त्याच्यासाठी सुट्टीचे पैसे मिळतात, फॉर्म अडकलाय म्हणून मिळत नाहीत. त्या सोमवार आणि शुक्रवारांसाठी मी पॅरेंटल लीव्हचे साठवलेले दिवस टाकले. दोघांत मिळून एका मुलामागे ४८० दिवस असतात आणि आम्ही त्यातले काही मुद्दाम राखून ठेवले होते, उन्हाळ्यात मुलांना साताऱ्याला जास्त दिवस नेता यावं म्हणून. त्यातले नऊ दिवस असे गेले. आई फोनवर काही बोलली नाही, पण तिने मनात हिशोब केला होता हे मला कळलं.

आणि शेवटी, मंजुरी कधी येणार विचारायला परत फोन केला तर ह्या वेळी दुसऱ्याच बाई होत्या, शांतपणे म्हणाल्या, अहो नवऱ्याने जाण्याआधी तुम्हाला एक अधिकारपत्र लिहून दिलं असतं ना, तर तुमच्या एकटीच्या सहीवर झालं असतं. चार आठवड्यांत हे एकाही माणसाने सांगितलं नव्हतं! मी फोन ठेवला आणि ऑफिसच्या जिन्यात बसून रडले.

म्हणून, तुमच्यापैकी कुणी एकजण भारतात जाणार असेल तर जाण्याआधी दोन गोष्टी करा. बँकआयडीच्या ॲपमध्ये मुदत कधी संपते ते लिहिलेलं असतं ते बघा. आणि मुलांच्या बालवाडी-शाळेच्या बाबतीत एकमेकांना अधिकारपत्र लिहून, सही करून, घरी फाईलला लावून ठेवा. आमच्या फाईलला आता आहे. आणि ऑफिसला फोन कराल तेव्हा "अजून काय मार्ग आहेत" असं विचारा, "मी काय करू" असं विचारलं की ते एकच उत्तर देतात.

ट्रेनिंगचं काय झालं? पहिले दोन आठवडे काहीच नाही. राहिलेलं ऑफिसचं काम मुलं झोपल्यावर करायचे, मुलांना घरी एकटं टाकून बाहेर जाता येत नाही, त्यामुळे बाल्कनीत दोरीच्या उड्या आणि जेवणाच्या टेबलावर जुने नकाशे. हे नकाशे वाचणं मात्र फार कामाला आलं. एखाद्या जुन्या स्पर्धेचा नकाशा घ्यायचा, दोन कंट्रोलच्या मधला रस्ता ठरवायचा, मनातल्या मनात पळायचं, डावीकडे दलदल, मग टेकडीची सोंड, मग दगड. वीस मिनिटं पुरतात.

तिसऱ्या आठवड्यात मी क्लबला मेल लिहिला की माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. अर्ध्या तासात क्लबमधल्या एका सत्तरीच्या बाईंचा फोन. त्या स्वतः पूर्वी वेन्ला पळलेल्या. म्हणाल्या, मंगळवारी मुलांना घेऊन क्लबच्या खोलीवर ये, मी बसते त्यांच्यापाशी, तू जा जंगलात. मला मदत मागायला खूप जड जातं, आपल्याकडे कसं आजी-आत्या-शेजारच्या काकू असतातच, मागावं लागत नाही. इथे मागावं लागतं, आणि मागितलं की लोक मनापासून करतात. मोठी त्यांना अजून जंगलातली आजी म्हणते.

त्या पहिल्या मंगळवारी चौथ्या कंट्रोलवरून पाचव्याकडे निघाले. एक सेंटिमीटरला शंभर मीटर असा नकाशा, मधे चार सेंटिमीटर, म्हणजे चारशे मीटर, एका मोठ्या दगडाच्या पूर्वेला झेंडा. मी अंगठा नकाशावर ठेवून पळते, पुढे गेलं की अंगठा सरकवायचा. डोक्यात तो स्पीड पोस्टचा नंबर फिरत होता, अंगठा सरकवायचाच राहिला. दगड आला, झेंडा नाही. त्याच्या मागे दुसरा दगड, तिथेही नाही. त्या दगडावर ओलं शेवाळ होतं, त्यावर हात ठेवून उभी राहिले, मग चौथ्या कंट्रोलपर्यंत परत गेले आणि पावलं मोजत पुन्हा आले. अकरा मिनिटं गेली. पण परत निघाल्यापासून पुढचा पाऊण तास मला तो फॉर्म एकदाही आठवला नाही. एरवी नुसतं पळताना मी घरचं सगळं डोक्यात घेऊन पळते, नकाशा हातात असला की ते चालतच नाही. मंगळवार मला का लागतो ते नवऱ्याला मी नंतर हेच सांगून पटवलं.

आठवतंय तसं अजून काही लिहिते. बॅग कायम भरलेली ठेवा, खिळ्यांचे बूट, होकायंत्र, चिप, चार्ज केलेला हेडलॅम्प, कोरडे मोजे, गोचीड काढायचा चिमटा. स्टॉकहोमच्या आसपास गोचिडींमुळे मेंदूज्वर होऊ शकतो, त्याची लस घ्या, मुलांनाही द्या, आणि जंगलातून आल्यावर मुलांचे गुडघ्याच्या मागे, कानाच्या मागे रोज बघा. स्पर्धेला जायचं तर सुरुवातीला ओपन क्लासमध्ये नाव द्या, त्यात ठरावीक मिनिटाला स्टार्ट नसतो, मधल्या तास-दोन तासांत कधीही निघता येतं, म्हणजे आधी एक पालक पळतो, तो आला की दुसरा. बऱ्याच स्पर्धांना मुलं सांभाळायची सोय असते आणि छोट्यांसाठी रिबन बांधलेला छोटा कोर्स असतो, आमची मोठी रिबन धरून धरून जाते आणि शेवटी बक्षीस घेऊन येते. तिला स्पर्धा म्हणजे तेवढंच माहीत आहे, आणि रविवारी सकाळी तीच आधी बूट घालून बसते.

नवरा पाच आठवड्यांनी परत आला, सासरे आता बरे आहेत, फिरायला जातात. त्याच आठवड्यात मोठीचे तास मंजूर झाल्याचं पत्र आलं. पुढचे पाच मंगळवार मी पूर्ण केले, आणि गुरुवारचा एक दिवसही त्याने स्वतःहून फ्रिजवरच्या कागदावर लिहिला.

वेन्ला म्हणजे चार बायकांची रिले, १९७८ पासून असते, युकोला नावाच्या सात जणांच्या रात्रभर चालणाऱ्या रिलेच्या आधी, शनिवारी दुपारी. आम्ही सगळे बोटीने फिनलंडला गेलो, मुलंही. मी तिसऱ्या नंबरला पळणार होते. आमच्या टीममधली दुसऱ्या नंबरची मुलगी पळून आली, तिने माझा नकाशा हातात दिला, मी तो गुंडाळूनच स्टार्टकडे पळत सुटले आणि नकाशावर त्रिकोणाने दाखवलेल्या त्या स्टार्टपाशी उघडला. अंगठा ठेवला. एक चूक झाली सातव्या कंट्रोलला, चारेक मिनिटांची, बाकी सगळे सरळ सापडले. शेवटच्या उतारावर कुंपणाला टेकून नवरा उभा होता, धाकटा खांद्यावर झोपलेला, आणि मोठी मराठीत ओरडत होती, आई पळ, आई पळ. आजूबाजूला सगळे फिनिश आणि स्वीडिश लोक, आणि त्यात तिचा तेवढा एक आवाज मला ओळखू आला.