फ्रीझरमध्ये जागा थोडी होती

चिपळूणला पूर आला २२ जुलै २०२१ला. पाणी ओसरून फोन लागायला लागले तेव्हा पुण्यात मला एका लेखकाच्या मुलाचा फोन आला. "बाबांच्या वह्या भिजल्यात. आई उन्हात घालायच्या म्हणतेय, पण ऊनच नाही."

मी म्हटलं, ऊन नाही हे नशीबच समजा.

जुने कागद जतन करणं हे माझं काम. ओली वही उन्हात घातली की वरून वाळते, आत ओलीच राहते, पानं आक्रसून पापडासारखी वाकडी होतात. नुसती बंद खोलीत ठेवली तर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि कोकणातला जुलै बुरशीला फार वाट बघायला लावत नाही. वह्या बऱ्याच असल्या तर उपाय एकच, गोठवायच्या. गोठलं की शाई पसरायची थांबते, बुरशी वाढायची थांबते, आणि मग सवडीने थोड्या थोड्या काढून वाळवता येतात.

कुंभार्ली घाट उतरून गावात शिरले तर रस्त्याच्या दोन्ही कडांना गाद्या, कपाटं, दुकानांतला माल, सगळं एकाच चिखलाच्या रंगाचं. १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही पाण्याखाली गेलं होतं. त्या लेखकाच्या, म्हणजे काकांच्या, घरात मधल्या खोलीतल्या लाकडी कपाटाचं दार उघडेना. आतल्या वह्या पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि आतूनच दाबत होत्या. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार उतरवावं लागलं. २००५च्या पुराची खूण भिंतीवर होती, कपाटाची फळी मुद्दाम तिच्या वर ठोकलेली. यंदा पाणी त्याच्याही वर गेलं.

वह्या तीन तऱ्हेच्या निघाल्या. बँका आणि विमा कंपन्यांच्या जाड रोजनिशा, शाईपेनाने, निळ्या शाईत लिहिलेल्या. कादंबऱ्यांच्या पक्क्या प्रतींच्या मोठ्या वह्या, बॉलपेनने. आणि खिशात मावतील अशा छोट्या वह्यांचा ढीग, सगळा पेन्सिलीचा. काका भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, म्हणजे मोजणीवाले. भर पावसात शेताच्या बांधावर उभं राहून लिहायचं तर पेन्सिलच. ती सवय त्यांनी लेखनातही सोडली नाही.

माझा क्रम शाईवरून ठरतो. निळी शाई पाण्यात विरघळते, म्हणून रोजनिशा आधी. बॉलपेनची शाई तेलकट, ती सहसा पसरत नाही. पेन्सिलीचं ग्रॅफाइट तर पाण्याला दाद देत नाही, फक्त कागद कुजायला नको. हे मी सांगितलं तर काका म्हणाले, "उलट कर. खिशातल्या आधी घे. रोजनिशीत काय आहे? पाऊस, पोट आणि पाहुणे."

"आणि या मोठ्या?"

"त्या छापून झाल्यात. टाक."

लेखकाची पक्की हस्तलिखितं मी कधी टाकलेली नाहीत. पण काका ऐकेनात. खिशातल्या वह्यांत कायकाय आहे ते मात्र त्यांनी मांडी घालून सांगितलं. हातभर जमिनीवरून सख्खे भाऊ एकमेकांना काय बोलले. मोजणीची साखळी परसात आली तेव्हा एका म्हातारीने मोजणीवाल्यालाच कसं झाडलं. कुणी फणसाच्या झाडावरून बहिणीशी अबोला धरला. तारीख, गाव, आणि तोंडून निघालं तसं वाक्य. "कादंबरीत गेलं ते गेलं. यातलं अजून वापरायचंय," ऐंशीच्या घरातला माणूस म्हणाला.

आता अडचण जागेची. गावात वीज नव्हती. गुहागरला एका मासळीवाल्याकडे जनरेटरवर चालणारा डीप फ्रीझर होता, आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारीची बंदी म्हणून तो रिकामा होता. बंदी नसती तर आमच्या वह्यांना कुणी विचारलं नसतं. पण फ्रीझर होता एकच. मोठ्या वह्या मी शेवटी पुठ्ठ्याच्या आधाराने उभ्या करून, पंख्यासारखी पानं मोकळी सोडून, घरातच माळ्यावर ठेवल्या. छोट्या वह्या क्रेटच्या एका कडेला बसल्या. उरलेल्या जागेत निम्म्याही रोजनिशा मावत नव्हत्या.

तोवर काकू बोलल्या नव्हत्या. त्या पुढे आल्या, ढिगापाशी बसल्या आणि एकेक रोजनिशी बाजूला काढू लागल्या. वर्षाचे सोनेरी आकडे चिखलाखाली गेलेले, तरी नुसत्या पाठीचा रंग बघून सांगत होत्या. ही हिरवी, सासूबाईंचं शेवटचं वर्ष. ही चॉकलेटी, धाकटीचा टायफॉइड. ही ठेवू नका, या वर्षी काही झालं नाही.

काका बघतच राहिले. "तू वाचतेस या?"

"मग काय वाचू? तुमच्या कादंबऱ्या मला नाही आवडत."

वह्या न उघडता, न पुसता बटर पेपरात गुंडाळल्या, पेन्सिलीने क्रमांक टाकलेली चिठ्ठी लावली आणि पाठ खाली करून मासळीच्याच क्रेटमध्ये रचल्या. फ्रीझरवाला म्हणाला, "होड्या लागल्या की मला माझी पेटी हवी हां." त्याआधीच थर्माकोलच्या खोक्यांतून आम्ही त्या रातोरात पुण्याला नेल्या.

पुढचे महिने टीपकागद बदलण्यात गेले. खिशातल्या वह्यांच्या पिना गंजल्या होत्या, त्या काढून दोऱ्याने शिवल्या. लिहिलेलं सगळं शाबूत. रोजनिशांचं मात्र बरंचसं गेलं. छापील तारीख जागच्या जागी आणि खाली नुसता आभाळी डाग. पानामागून पान असं. फ्रीझरमध्ये जाण्याआधीच ती शाई सुटली होती. काकूंच्या निवडीतल्या चारदोनच पुऱ्या वाचता येतात, हिरवी त्यातली नाही.

त्या परत द्यायला गेले तेव्हा काकूंनी हिरवी उघडली, एका डागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे काय होतं ते मला ठाऊक आहे." लगेच पेन शोधू लागल्या. मूळ वहीवर नवं लिहू द्यायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी त्यांना कोरी वही दिली आणि बॉलपेन दिलं. त्या लिहीत बसल्या. काका पलीकडच्या खुर्चीवरून, "असं नव्हतं, तो मंगळवार होता," अशा दुरुस्त्या सांगत होते आणि काकू त्यातली एकही घेत नव्हत्या.