भाडं बुडवणारा पॅसेंजर: बसताना काय करायचं, अडल्यावर काय करायचं

सोलापूर स्टेशनसमोर किंवा एसटी स्टँडबाहेर भाड्याची गाडी लावणाऱ्या प्रत्येकाला हा पॅसेंजर कधी ना कधी भेटतो. उतरतो आणि म्हणतो, "एवढे कसे काय झाले?" किंवा काहीच न म्हणता गर्दीत शिरतो. भाड्यावरचे निम्म्याहून जास्त वाद गाडी हलण्याआधीच मिटवता येतात, आणि उरलेल्या वादांत ड्रायव्हरने रागाच्या भरात उचललेलं पाऊलच त्याच्यावर उलटतं. म्हणून आधी बसतानाचं बघू.

सगळ्यात जास्त भांडण 'किमान किलोमीटर'वरून होतं, म्हणजे गाडी कमी धावली तरी जेवढ्या किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात त्यावरून. तुळजापूर जाऊन-येऊन साधारण 90 किलोमीटर. पार्टीला, म्हणजे गाडी ठरवणाऱ्याला, वाटतं 90 चे पैसे द्यायचे, गाडीमालकाने मनात 300 किमान धरलेले असतात. त्यामुळे तुळजापूर, अक्कलकोट किंवा पंढरपूर यांपैकी एकच ठिकाण असेल तर किलोमीटरची भाषाच करू नका, ठोक भाडं सांगा. तिन्ही एका दिवसात करायची असतील तर किलोमीटरचा काटा साधारण 300 च्या घरात जातो, तेव्हा किलोमीटरचा हिशेब सरळ पडतो. काटा गॅरेजपासून गॅरेजपर्यंत धरणार की बसल्यापासून उतरेपर्यंत, हे पार्टीने विचारण्याआधी तुम्हीच सांगा. हे न सांगितल्याने जेवढी भांडणं होतात, तेवढी दरावरून होत नाहीत.

बोलणं झालं की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाका: कुठून कुठे, तारीख, दर, किमान किलोमीटर, चालक भत्ता, टोल-पार्किंग कोणाचं, वेटिंग, मुक्काम पडला तर किती, अ‍ॅडव्हान्स किती मिळाला. समोरून "ओके" आलं पाहिजे. नुसत्या निळ्या टिकांवर समाधान मानू नका. या मेसेजचा दुसरा फायदा म्हणजे नंबर खरा आहे की नाही ते तिथेच कळतं. निघताना काट्याचा फोटो काढून पार्टीला पाठवा, परतल्यावर पुन्हा काढा.

उतरवताना हिशेब तोंडी सांगू नका, लिहून दाखवा. समजा दर 14 रुपये आणि गाडी 342 किलोमीटर धावली: 4788. भत्ता 400, टोल आणि पार्किंग मिळून 260. एकूण 5448, त्यातून अ‍ॅडव्हान्स 2000 वजा, बाकी 3448. टोल फास्टॅगमधून कापला जातो, त्यामुळे पार्टीच्या हातात पावती नसते. तामलवाडी किंवा सावळेश्वर टोलनाक्याचा मेसेज उघडून दाखवला की टोलवरचा संशय संपतो.

अ‍ॅडव्हान्स कसा मागायचा याचा अनेकांना संकोच वाटतो. डिझेलच्या निमित्ताने मागणं सगळ्यात सोपं: "मालक, पंपावर तुम्हीच स्कॅन करा, शेवटी वजा करतो." पार्टी सहसा अडत नाही, आणि पंपावरचं पेमेंट व्यवहाराचा पुरावाही होतं. लांबच्या ट्रिपला हे केलेलं बरं, कारण देवस्थानाच्या गावात एक जुनी युक्ती चालते. आषाढीला पंढरपुरात किंवा नवरात्रात तुळजापुरात गाडी लांबच्या पार्किंगला लावावी लागते. मंडळी "दर्शन घेऊन येतो" म्हणून जातात आणि दुसऱ्याच गाडीने परततात. गाणगापूरला तर राज्यच बदलतं. अशा ठिकाणी दर्शनाला सोडण्याआधी तिथपर्यंतचे पैसे मागून घ्या. सहजपणे मागितलं तर कोणी रागावत नाही. संशय दाखवून मागितलं की बिघडतं.

आता ऑनलाइन पेमेंट. समोरच्याच्या मोबाईलवरचा हिरवा टिकमार्क म्हणजे पैसे आले असं नाही. खोटे स्क्रीनशॉट दाखवणारी अ‍ॅप्स आहेत. आपल्या बँकेचा मेसेज किंवा अ‍ॅपमधली जमा झालेली रक्कम बघा, मगच डिकी उघडा. "तुम्हाला पैसे पाठवतो, पिन टाका" असं कोणी म्हटलं तर ती फसवणूकच, कारण पैसे घ्यायला पिन लागत नाही. तरीही प्रत्येक अडलेला माणूस लबाड नसतो. नवीन फोनवर यूपीआय सुरू केलं असेल तर पहिले 24 तास 5000 रुपयांचीच मर्यादा असते. रक्कम मोठी असेल तर त्याला नातेवाइकाकडून पाठवायला सांगा, किंवा गाडी एटीएमकडे घ्या. पैसे कापले गेले पण तुमच्याकडे आले नाहीत, तर व्यवहार क्रमांकाचा फोटो घ्या. अशी अडकलेली रक्कम नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या खात्यात परत जायला हवी, तेव्हा फोन करा.

आणि सरळ नकार दिला तर? गाडी उजेडात थांबवा. पेट्रोल पंप, टोल नाका, पोलीस चौकी, कुठेही कॅमेरा असेल तिथे. दार लॉक करून बसवून ठेवू नका. भारतीय न्याय संहितेत अडवून धरणं कलम 126 मध्ये आणि डांबून ठेवणं 127 मध्ये गुन्हा आहे. मोबाईल हिसकावला तर प्रकरण आणखी वाईट होतं. बॅगाही अडवून ठेवू नका. हजार रुपयांसाठी आपलंच नाव फिर्यादीत जातं. एकट्या बाईच्या किंवा दारू पिलेल्याच्या बाबतीत तर 112 ला आपणच आधी फोन करावा. हा नंबर कर्नाटकातही चालतो.

पोलीस बहुतेक वेळा "हा दिवाणी वाद आहे" म्हणतात, आणि नुसतं भाडं न देण्याबाबत त्यांचं म्हणणं बरेचदा बरोबरही असतं. पण खोटा नंबर, खोटा स्क्रीनशॉट, पळून जाणं असं काही असेल तर पहिल्यापासून फसवण्याचा इरादा दिसतो. तक्रारीत हेच आधी लिहा. अदखलपात्र नोंद झाली तर तिची प्रत मागून घ्या. हद्दीचा प्रश्न निघेल: अक्कलकोट-पंढरपूर सोलापूर ग्रामीण पोलिसांकडे, तुळजापूर धाराशिव जिल्ह्यात.

एक अपवाद मात्र मनापासून सांगावासा वाटतो. सिव्हिल हॉस्पिटलला पेशंट घेऊन येणारे कित्येक जण बाहेरगावचे असतात आणि धावपळीत पैसे घरी राहिलेले असतात. तिथे वाद घालू नका. नंबर घ्या, पेशंट आत जाऊ द्या, दोन दिवसांनी फोन करा.

मोठी रक्कम असेल तर त्याच रात्री पूर्ण हिशेब, काट्याचे दोन्ही फोटो आणि टोलचे मेसेज पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पैसे द्यायला सात दिवसांची मुदत लिहा. तरी दाद दिली नाही तर वकिलाची नोटीस, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवायचा अर्ज करा. दिवाणी वसुलीला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे तो मेसेज आणि फोटो तोवर डिलीट करू नका.