सेलेरॉन ३००ए आणि टेपचे तीन तुकडे

१९९८ साली आलेल्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचा मल्टिप्लायर (बसच्या वेगाला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) कारखान्यातच साडेचारवर पक्का केलेला असला, तरी बसचा, म्हणजे मदरबोर्डवर माहिती वाहणाऱ्या मार्गाचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तोच प्रोसेसर ४५० वर धावतो, हे त्या काळच्या संगणकवेड्यांना तोंडपाठ होते. ४४०बीएक्स या मदरबोर्डवरच्या चिपसेटसाठी १०० हा अधिकृतच वेग असल्यामुळे पीसीआय बस (जोडकार्डांचा आणि डिस्कचा मार्ग) आपल्या ३३ वरच राहते आणि हार्डडिस्कला त्रास होत नाही. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मला मिळालेला नग ४५० वर सुरू होई, पण विंडोज पूर्ण उघडण्याआधीच अडके. त्याला थोडे अधिक व्होल्टेज हवे होते आणि माझ्या मदरबोर्डच्या बायॉसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) ती सोय नव्हती.

स्लॉट १ मध्ये, म्हणजे प्रोसेसरचे कार्ड मदरबोर्डच्या ज्या खाचेत बसते तिच्यात, आपल्याला किती व्होल्टेज हवे हे प्रोसेसर स्वतःच पाच पिनांमार्फत मदरबोर्डला कळवतो. ग्राउंडला जोडलेली पिन म्हणजे शून्य, सुटी पिन म्हणजे एक. ३००ए २.० व्होल्ट मागतो, तेव्हा पाचांपैकी चार पिना जोडलेल्या असतात. त्यांतील ए११९, ए१२१ आणि बी११९ टेपने झाकल्या की मागणी २.२ होते, आणि ए११९ ऐवजी ए१२० झाकली तर २.४. टेपने जोडणी तोडता येते, नवी करता येत नाही, म्हणून २.१ आणि २.३ हे टप्पे तारेचा तुकडा जोडल्याशिवाय मिळत नाहीत.

खरी जोखीम टेप सरकण्याची आहे. २.२ च्या मांडणीत ए११९ वरची निघाली तर मागणी २.६ व्होल्ट होते, बी११९ वरची निघाली तर ३.०, आणि दोन्ही निघून एकटी ए१२१ झाकलेली राहिली तर तब्बल ३.४! साधी काळी इन्सुलेशन टेप जाड असते आणि कार्ड स्लॉटमध्ये दाबताना खरवडली जाते. त्यापेक्षा तपकीर गल्लीत मिळणारी, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळसर, पातळ पॉलिइमाइड टेप घ्यावी, ती ब्लेडने पिनेच्या रुंदीएवढीच कापावी आणि कार्ड बसवल्यावर सर्वप्रथम बायॉसमध्ये दिसणारे व्होल्टेज वाचावे.

विजेचा खप वेगाच्या सरळ प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ४५० आणि २.२ व्होल्टवर तो मूळच्या सुमारे १.८ पट होतो, तर २.४ वर दुपटीच्याही पुढे जातो. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मूळचा पंखा एवढी उष्णता बाहेर काढेल असे मला वाटत नाही. म्हणून मी हीटसिंक मोठा बसवला आणि २.२ वरच थांबलो.