गोल क्रोमकास्ट (२०१५) परत रुळावर: तपासणीची नोंद

उपकरण: दुसऱ्या पिढीचा क्रोमकास्ट (फोनवरून सांगितलेला व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारं, म्हणजे ‘कास्ट’ करणारं गूगलचं छोटं उपकरण), गोल चकतीचा, एचडीएमआयची आखूड केबल अंगालाच जोडलेली. तक्रार दुहेरी. व्हिडिओ दहा-पंधरा मिनिटं चालतो, मग पडदा काळा होतो आणि थोड्या वेळाने उपकरण पहिल्यापासून सुरू होतं. शिवाय फोनवरच्या कास्टच्या यादीत ते कधी दिसतं, कधी नाही. दोन्हींचं मूळ एकच असेल असं धरून चालायचं नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळी तपासली.

रीसेटला हात नाही

बाजूचं बटण दाबून धरायचं, दिवा नारिंगी लुकलुकतो, पांढरा झाला की सोडायचं. फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळ्या सेटिंग पुसून उपकरण कोरं करणं, इतकं सोपं आहे, म्हणूनच सगळे आधी तेच करतात. या पिढीच्या बाबतीत ते महागात पडू शकतं. ९ मार्च २०२५ला जगभरचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ (फक्त आवाजासाठीचा भाऊबंद) एकदम बंद पडले. उपकरण अस्सल आहे हे पटवून देणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांच्या साखळीतलं मधलं प्रमाणपत्र दहा वर्षांच्या मुदतीचं होतं आणि ती मुदत संपली. उपकरणांत बिघाड काहीच नव्हता. फॅक्टरी रीसेट करू नका, असं गूगलने तेव्हा स्पष्ट सांगितलं. ज्यांनी गप्प वाट पाहिली त्यांना काही दिवसांत अपडेट मिळालं. ज्यांनी आधीच रीसेट केला होता त्यांचा सेटअपच पुढे सरकेना, गूगलच्या होम ॲपची (सेटअप याच ॲपमधून होतो) सुधारलेली आवृत्ती येईपर्यंत.

त्या दिवसांत फोनची तारीख मागे नेली की कास्ट चालायचं. म्हणजे प्रमाणपत्र तपासतो तो फोन, टीव्हीमागचं उपकरण नव्हे. तेव्हापासून कपाटात पडून असलेलं एखादं बाहेर काढलं, तर आधी होम ॲप अद्ययावत करा, मग उपकरण वायफायवर रात्रभर चालू ठेवा आणि त्यानंतरच दोष शोधायला लागा. आपल्या या नगाने अपडेट घेतलेलं आहे, त्यामुळे हे कारण बाद.

वीज: पहिलं दुखणं इथे सापडलं

सोबत येणारा अडॅप्टर ५ व्होल्ट, १ अँपिअरचा असतो. इथे अडॅप्टर ठीक होता, पण केबल बदललेली: २ मीटर लांब, हाताला बारीक लागणारी. मीटर कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. अडॅप्टरच्या तोंडाशी लावला तर ५.०६ व्होल्ट, म्हणजे सगळं छान. तोच केबलच्या दुसऱ्या टोकाला, उपकरणाच्या लगत लावला तर नुसता स्वागताचा पडदा असताना ४.८१ आणि व्हिडिओ सुरू झाल्यावर ४.५५. अडॅप्टरपाशी मोजून केबल निर्दोष ठरवणं ही नेहमीची चूक आहे.

हिशोब जुळतो. २८ गेजच्या (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जायची-यायची मिळून ४ मीटर तार, म्हणजे ०.८५ ओहम. ०.६ अँपिअर वाहिला की अर्धा व्होल्ट केबलमध्येच जिरतो. त्याऐवजी १ मीटरची, वीज नेणाऱ्या तारा २४ गेजच्या असलेली केबल लावली. तोच व्हिडिओ, तोच अडॅप्टर, उपकरणाशी ४.९३. सलग चार तास चालवलं, एकदाही काळा पडदा नाही.

टीव्हीच्या यूएसबीवरून वीज घेण्याचा मोह टाळावा. यूएसबी २.० पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरची. बऱ्याच टीव्हींवर पोर्टशेजारी तसं छापलेलंही असतं. त्याहून वाईट म्हणजे टीव्ही बंद केला की अनेक टीव्हींची यूएसबीची वीजही जाते. उपकरण दर वेळी नव्याने सुरू होतं आणि निवांतपणे अपडेट घ्यायला त्याला वेळच मिळत नाही.

यादीतून गायब होणं

वीज सुधारली तरी हे तसंच राहिलं, म्हणजे दुखणी खरंच दोन होती. गायब असताना राउटरच्या पानावरून उपकरणाचा आयपी पत्ता घेतला आणि फोनवरून पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा संदेश त्या पत्त्यावर पाठवला. उत्तर आलं. या एका चाचणीने अर्धं काम होतं. पिंगला उत्तर नसेल तर वायफाय तुटलंय, फोन गेस्ट नेटवर्कवर आहे किंवा राउटरमध्ये एपी आयसोलेशन (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सोय) चालू आहे. उत्तर येतंय पण यादीत नाव नाही, तर मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना उद्देशून पाठवलेला संदेश, अडतंय. फोन उपकरणाला हाक मारतो ती २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर. ती हाक पोचली नाही तर उपकरण जागेवर असूनही दिसत नाही.

राउटर बंद-चालू केला की नाव यायचं आणि चार-पाच मिनिटांनी जायचं. या वेळेवरूनच संशय आयजीएमपी स्नूपिंगवर (मल्टिकास्ट संदेश कुणाला हवेत याची नोंद ठेवून तेवढ्यांनाच ते पोचवण्याची राउटरची सोय) गेला. ‘हे संदेश अजून हवेत का’ अशी विचारपूस करणारं कुणी नेटवर्कवर नसेल, तर स्नूपिंगमधली नोंद २६० सेकंदांनी पुसली जाते. खरं तर २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ या पट्ट्यातले संदेश राउटरने न अडवता सगळीकडे सोडायला हवेत, पण काही राउटर तेही अडवतात. स्नूपिंग बंद केलं, नाव यादीत टिकलं.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी पाहून घेतल्या. वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर नको, या पिढीला डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र पर्याय लागतो. आणि जाहिराती रोखायला स्वतःचा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) लावलेला असेल तर ८.८.८.८ या गूगलच्या डीएनएसकडे जाणारी वाट पूर्ण बंद करू नका. हे उपकरण आपल्या मर्जीने तिथेच विचारायला जातं.

राहिलेलं काम

वीज गेली-आली की उपकरण राउटरच्या आधी उठतं आणि वायफाय न मिळाल्याने कधीकधी अडकून बसतं. राउटरला छोटा यूपीएस जोडून पाहायचं आहे. टीव्हीच्या पाठीमागच्या पत्र्याने सिग्नल किती घटतो, तेही उपकरण मागून बाहेर काढून, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने टीव्हीच्या कडेला लावून मोजायचंय. आखूड केबल तिथवर पोचत नाही, त्यामुळे १५ सेंटिमीटरचा एचडीएमआय जोड मागवलाय.